टाकीचं झाकण

मी आणि माझा एक सहकारी, आम्ही दोघे बंदरात एका जहाज एजंटाकडे नोकरीला होतो. निवृत्तीनंतर दोघेही मुलांकडे भोपाळला आलो. परवा टी. टी. नगरात पोहे-जिलेबी खाताना त्याने पुन्हा तोच किस्सा रंगवला: एका घाणेरड्या स्वयंपाक्याने जहाजावरचे सगळे खलाशी आजारी पाडले. सोबतची मंडळी हसली. माझं डोकं फिरलं.

आरोग्य अधिकाऱ्यांना तपासणीसाठी जहाजावर नेणं आमचं काम. रीत ठरलेली: आधी कप्तानाकडे जेवण, मग धुऊन ठेवलेल्या स्वयंपाकघरात एक फेरी, की लगेच शिडीने खाली. त्या जहाजाच्या तपासणीच्या दिवशी तोच स्वयंपाकी मला म्हणाला होता, "साहेब, पाण्याची टाकी उघडायला लावा. पाण्याला वास येतोय."

मी म्हटलं, "उशीर होतोय."

जहाजाला आरोग्याचा दाखला मिळाला, पुढे खलाशी आजारी पडले आणि नोकरी गेली त्या स्वयंपाक्याची.

"अरे, गंमत रे!" सहकारी म्हणाला.

"गंमत कसली? टाकीचं झाकण आपण उघडायला लावलं नाही. घाण पाण्यात होती, त्याच्या हातांत नव्हती. सांग सगळ्यांना."

तो जिलेबी मोडत बसला. मग मीच सांगितलं, आणि इथे लिहूनही ठेवतो: तो स्वयंपाकी निर्दोष होता.