मदतनीस म्हणून सही करणार न्हाय

"चपला बाहेर काढ. आणि बसू नकोस, मशीन घेऊन तिथेच उभा राहा."

साहेबांचं हे पहिलं वाक्य. बारामतीत, सरकारी योजनेच्या मुलाखतीला. नवं यंत्र बनवणाऱ्याला सरकार मदत देणार, असं पत्रक निघालेलं. खोलीत सगळे बूट घालून बसलेले. चपला तेवढ्या माझ्या निघाल्या.

मी वर्कशॉपात लेथवर कामाला. जातीनं धनगर, गाव निरवांगी. आई लासुर्ण्याला लागणीसाठी उसाच्या कांड्या तोडायला जायची. कोयत्यानं बोटं फाटायची. उसाचा डोळा ठेचला की मुकादम वरनं शिव्या घालायचा. डोळाच ठेचला तर कोंब फुटणार कुठनं? दोन वर्षं खपून, भंगारातलं पोलाद घासून मी पायानं दाबून कांड्या तोडायचं यंत्र केलं. डोळा शाबूत, बोटंबी शाबूत.

पण अट होती. अर्जदार पदवीधर पायजे. मी सातवी. कॉलेजातले एक सर म्हणाले, "माझ्यामार्फत टाक." मला वाटलं, देवमाणूस.

मुलाखतीत साहेबांनी शेजारी बसलेल्या सरांना विचारलं, "यंत्राचं पातं तिरकं का?" सरांनी घाम पुसला, कायतरी इंग्रजी फेकलं. मला राहवलं न्हाय.

"सायेब, आमी मेंढरं कातरतो. कातर सरळ दाबली की कातडं वढतं. तिरकी सरकवली की नुसती लोकर निघती. तसंच हाय हे."

सगळी खोली हसली. साहेब म्हणाले, "इथं संशोधनाचं बोलणं चाललंय. मेंढरं घरी कातर."

सरबी हसले. ते जास्त लागलं.

मग साहेबांनी कागद पुढं सरकवला. संशोधक, सर. मदतनीस, मी. "सही कर, लोक खोळंबलेत."

पेन घेतलं. खोटं कशाला सांगू? जन्मापासनं व्हय म्हणायचीच सवय. पण त्या दिवशी टाळकंच फिरलं.

"यंत्र मी केलंय. सही करीन ती संशोधकाच्या रकान्यात. न्हायतर न्हाय."

"अरे, नियम आहे. मदत जाईल तुझी," सर कुजबुजले.

"जाऊ द्या."

यंत्र खांद्यावर टाकलं अन् बाहेर पडलो. मदत गेलीच. वर्कशॉपातली माणसं म्हणाली, "येडा हायस का? सही केली असती तर काय झिजला असतास?"

व्हय. झिजलो असतो.

त्याच आठवड्यात माझ्या हातानं नवा अर्ज भरला. संशोधक म्हणून माझं नाव. शिक्षण सातवी. 'अपात्र' असा शिक्का बसून परत आला. फिरून टाकला. फिरून आला. टाकणार, दर साली टाकणार. नियम बदला, न्हायतर माझा अर्ज वाचत बसा.