कुठली आष्टी?

शशिकांत डुबल झोपलेले नाहीत. निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं आहे. भर दुपार आहे. वर्धा नदीच्या अलीकडे, जुन्या रस्त्यावर, एका कडुनिंबाखाली त्यांनी गाडी पुलाकडे तोंड करून उभी केली आहे. स्टिअरिंग पोटाला लागतं म्हणून ते डावीकडच्या सीटवर सरकलेत, सीट मागे पाडली आहे आणि फक्त डोळे मिटून घेतलेत. पाच मिनिटं. मग उठायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि पूल ओलांडायचा, की पलीकडे आष्टी तालुका. पण अंग असं आंबलंय, की टेकलेली पाठ पुन्हा उचलायची म्हणजे जिवावर येतं. डाव्या हाताच्या टपरीतल्या बाईने त्यांना चहा देतानाच सांगितलं होतं, “पडा न जी थोडसे. चेहरा पाहा कसा उतरला तुमचा.”

ही सगळी हिंडाहिंड मुळात आक्काची. आक्का म्हणजे थोरली बहीण, सरोजिनी. तिने लग्न केलं नाही, कराडला भावाच्याच घरी राहिली आणि जन्मभर टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर बसली. कानाला हेडफोन लावून अख्ख्या महाराष्ट्रातले तालुके एकमेकांना जोडून द्यायचे आणि स्वतः मात्र साताऱ्याच्या पुढे जायचं नाही, असा तिचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर तिने गाडी घेतली, महिन्याभरात पट्टीची ड्रायव्हर झाली आणि धाकट्या भावाला नकाशा धरायला डावीकडे बसवलं. ज्यांची नुसती नावं घेतली ते तालुके डोळ्यांनी बघायचे, तेही मोठा महामार्ग सोडून जुन्या, टाकून दिलेल्या रस्त्यांनी, हा तिचा हट्ट. बारा गावचं पाणी पिणं म्हणतात ते या दोघांनी शब्दशः केलं. तालुक्याच्या गावी उतरून तिथलं पाणी प्यायल्याशिवाय तो तालुका झाला, असं आक्का मानायचीच नाही.

दिवाळीनंतर आक्का गेली. जायच्या आदल्या दिवशी, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना, तिने शशिकांतरावांचा हात ओढून काहीतरी सांगितलं. मास्कच्या आतून त्यांना ‘आष्टी’ एवढं ऐकू आलं, मग ‘लांब’, आणि शेवटी स्वतःचं नाव. आता आष्टी नावाचे तालुके आहेत दोन. बीड जिल्ह्यातला दोघांनी केव्हाच केला होता, वर्ध्याचा राहिला होता. म्हणजे राहिलेलं पुरं कर, असं आक्का सांगून गेली, हे त्यांनी ठरवून टाकलं. साठी उलटल्यावर गाडी शिकले, कशीबशी, आणि पायाला भिंगरी लावून निघाले. आष्टी झाली की पुढे सगळा पूर्व विदर्भ, थेट सिरोंच्यापर्यंत जायचं आहे.

पलंगाच्या दुसऱ्या बाजूला तेव्हा बायको उभी होती, शैला. तिचं म्हणणं, आक्का आष्टी म्हणाल्याच नाहीत. मग काय म्हणाल्या, ते तिलाही धड सांगता येत नाही, म्हणून शशिकांतरावांनी आपलंच घोडं पुढे दामटलं. शैलाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतात आता थांबू नका, ती म्हणते यांना येऊ द्या. आज सकाळी फोनवर म्हणाली, “काल चहा कपाबाहेर ओतला अहो. कळलंच नाही मला.” आणि तक्रार वाटू नये म्हणून लगेच, “तुमचं होऊ दे सगळं.” ते ऐकल्यापासून शशिकांतरावांना गाडी चालवायचा कंटाळा आलाय. घरी जावंसं वाटतंय. पण मेलेल्या बहिणीचा शेवटचा शब्द मोडून घरी कसं जायचं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

खिडकीच्या काचेवर टकटक होते.

टोलनाका आहे. शशिकांतराव काच खाली करतात. पलीकडच्या खिडकीत आक्का बसली आहे. कानाला हेडफोन, अंगावर ती फिकी लिंबू रंगाची सुती साडी. ती वर बघत नाही. तिच्यासमोर ट्रंक बोर्ड आहे, आणि बोर्डावरच्या एकेका भोकाखाली एकेका तालुक्याचं नाव.

“कुठं लावू?” ती विचारते.

“आष्टी.”

“कुठली आष्टी? बीडची की वर्ध्याची?”

“वर्ध्याची.”

“पुन्हा सांगा. आवाज येत नाही.”

“आक्का, मी आहे. शशी.”

“ते कळलं रे. आवाज येत नाही म्हणते मी. किती दमलायस.”

 एवढ्या दिवसांत हे कुणी ओळखलं नव्हतं, म्हणजे ओळखायला त्यांनी कुणाला जवळ येऊच दिलं नव्हतं. मागे गाड्यांची रांग लागली आहे, पण हॉर्न कुणीच वाजवत नाही. ते मान वळवून बघतात, तर रांगेत गाड्या नाहीत, माणसं आहेत. प्रत्येकाच्या हातात फडकं बांधलेला तांब्या आहे. पायाखाली ओल्या पायऱ्या आहेत. हा नाशिकचा घाट, इथं ते मागे येऊन गेलेत. त्यांच्या स्वतःच्या मांडीवरही लाल फडक्याचा तांब्या आहे आणि तो अजून कोमट आहे.

“हे काय घेऊन हिंडतोयस?” आक्का विचारते.

“तुझंच आहे,” ते ओशाळून म्हणतात. शेजाऱ्याची वाटी परत करायला फार उशीर व्हावा, तसं त्यांना झालंय.

“इथवर आणलंस?”

“सगळे आणतात.”

“आपल्या गच्चीत उभं राहिलं की कृष्णा-कोयनेचा संगम दिसतो. चपला घालून खाली उतरलं की झालं. आणि तू नाशिकला आलास होय?”

शशिकांतराव उत्तर द्यायला तोंड उघडतात, तोवर गाडी चालू लागलेली असते. आक्का चालवतेय. उंचीला बेताची, म्हणून सीट पार पुढे ओढून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ते डावीकडे आहेत. मांडीवरचा तांब्या गेला, तिथं नकाशा आहे. रस्ता जुना आहे, दोन्ही बाजूंना चिंचा, पिवळ्या डोक्याचे मैलाचे दगड. मग चिंचा संपतात आणि रस्ता त्यांच्या कराडच्या स्वयंपाकघरातून जातो. ओट्याशी शैला उभी आहे. ती चहा ओततेय, कपाच्या शेजारी, एकसारखी. चहा ओट्यावरून खाली, खालून रस्त्यावर वाहत येतो आणि गाडीची चाकं त्यातून सुळकन निघतात.

“थांब की जरा,” शशिकांतराव म्हणतात. “तिला सांगू, आपण आलोय.”

“तिला दिसत नाही, शशी. तुला माहीतच आहे ते.”

“हाक मारतो मग.”

“मार. फोनवर रोज मारतोस तशीच ना?”

ते हाक मारत नाहीत. ओटा मागे पडतो. आता दोन्हीकडे दवाखान्याच्या हिरव्या भिंती आहेत, आणि भिंतींच्या कडेनेही मैलाचे दगड आहेतच. प्रत्येकावर एकच नाव, पण रंग उडालेला, वाचायला जावं तर नीट लागत नाही.

“तूच म्हणाली होतीस ना,” शशिकांतराव म्हणतात. आवाज त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त रडवेला निघतो. “मास्क होता तोंडावर. माझा हात धरलास आणि म्हणालीस, आष्टी. म्हणून मी चाललोय.”

आक्का ब्रेक दाबते. मान वळवून भावाकडे बघते, अगदी तशीच, त्याने नकाशावर भलतंच गाव दाखवल्यावर बघायची तशी.

“मी आष्टी म्हणाले?”

“स्वच्छ ऐकलं मी.”

“अस्थी म्हणाले मी, शशी. अस्थी लांब नेऊ नकोस, शशी, दमतोस. एवढंच सांगितलं तुला.”

दवाखान्याच्या भिंतींमधून वारा येतो. 

“जन्मभर बोर्डावर बसले,” आक्का म्हणते. तिला हसू आवरत नाहीये. “कुणी कोल्हापूर मागितलं आणि मी सोलापूर जोडून दिलं, असं एकदा झालं नाही. आणि माझा शेवटचा कॉल माझ्या सख्ख्या भावाने राँग नंबरला लावला.”

शशिकांतरावांनाही हसू येतं, आणि हसता हसता कधी डोळे भरून आले ते कळत नाही. लाज वाटते. त्याहून जास्त थकवा येतो. इतका, की आजवर आलेला थकवा नुसती सुरुवात होती असं वाटावं. जे करू नकोस म्हणून ती सांगून गेली, तेवढंच त्यांनी मन लावून केलं होतं.

“मग एवढा हिंडलो ते कशासाठी?” ते विचारतात.

“मला विचारतोस? माझ्यासाठी तर नाही. मला आता त्या तालुक्यांची नावंसुद्धा धड आठवत नाहीत.”

“काहीच आठवत नाही?”

“तू नकाशा उलटा धरायचास ते आठवतं. आणि कबूल करायचा नाहीस.”

ते खाली बघतात. मांडीवरचा नकाशा उलटा आहे. ते तो सुलटा करत नाहीत.

“घरी तुझी खोली आहे, आक्का,” ते म्हणतात. हे त्यांनी शैलालासुद्धा सांगितलेलं नाही. “दारापाशी गेलं की हात पुढे होत नाही. बाहेर असलो की वाटतं, तू घरी आहेस. म्हणून घरी जात नाही मी.”

आक्का हँडब्रेक ओढते. मग तिचा हात त्यांच्या गुडघ्यावर येतो, तिच्या बोटांना अजून पूर्वीसारखाच पावडरीचा वास आहे.

“खोलीचं दार उघड,” ती म्हणते. “शैलाला तिथं निजव ऑपरेशन झाल्यावर. दुपारचं ऊन येत नाही त्या खोलीत, डोळ्यांना बरं. पडदे तेवढे धुऊन घे, माझ्याने झालं नाही ते.”

“घेतो.”

“तीन मिनिटं झाली,” आक्का म्हणते. हा तिचा आवाज नाही, ट्रंक कॉलची वेळ संपली की बोर्डावरून यायचा तो आवाज आहे. “वाढवू का?”

“वाढव,” शशिकांतराव पटकन म्हणतात.

“नको. दुसऱ्या लाईनवर शैला कधीची ताटकळलीय.”

“आक्का, मला गाडी वळवता येत नाही. चारदा मागेपुढे करतो, तरी चाक खड्ड्यात जातं.”

“माहितीये. बस गप डावीकडे.”

ती स्टिअरिंग फिरवते. हिरव्या भिंती फिरतात, घाटाच्या पायऱ्या फिरतात, एक भलामोठा कडुनिंब काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जातो. शशिकांतराव तिच्याकडे बघत राहतात. तिची नजर रस्त्यावर आहे. मग बोर्डातून वायर उपसल्यासारखा खट्‌कन आवाज होतो आणि ओळखीचा पावडरीचा वास तेवढा राहतो, तोही जरा वेळच.

शशिकांतराव डोळे उघडतात. तोंड सुकलंय, शर्ट पाठीला चिकटलाय. झोप लागली होती तर. ते सीट सरळ करतात आणि काचेतून समोर बघतात. समोर पूल नाही. समोर तिवशाकडे, म्हणजे ते आले त्या दिशेला जाणारा रस्ता आहे.

आधी त्यांना वाटतं, आपण अजून जागे झालो नाही. मग वाटतं, गाडी लावली होती तीच अशी. पण टपरी त्यांच्या डाव्या हाताला होती, ती आता उजव्या हाताला आहे. ते शर्टाचा खिसा चाचपतात. किल्ली खिशातच आहे. दार उघडून ते खाली उतरतात, बॉनेटला धरून पुढे येतात.

निंबाखालची माती बारीक आहे, पिठासारखी. तिच्यात चाकांच्या खुणा उमटल्या आहेत. एकच फेरा. पुलाकडून निघून, रस्त्याच्या कडेला अगदी लागून, खड्ड्याला चार बोटं सोडून, पुन्हा झाडाखाली. मागेपुढे केल्याची एकही खूण नाही. शशिकांतराव वाकून त्या खुणेवर हात ठेवतात. माती उन्हाने तापलेली आहे.

टपरीतली बाई डोळे चोळत बाहेर येते.

“फिरवली का जी गाडी? मले वाटलं, पुलाकडं चालले तुम्ही.”

“हो, चाललो होतो.”

“मी आत पडली होती, आवाजही नाही आला.” ती मातीकडे बघते. “एकाच दमात फिरवली न. इथं भलेभले मागंपुढं करून थकते. चांगला हात हाय तुमचा.”

“बहिणीचा आहे,” शशिकांतराव म्हणतात. बाई गाडीत डोकावून बघते, आत कुणी दिसत नाही, पण परक्या माणसाला जास्त विचारू नये म्हणून ती कप उचलून टपरीत जाते.

पूल हाकेच्या अंतरावर आहे. पाच मिनिटांत जाऊन, आष्टीच्या हद्दीत उतरून, घोटभर पाणी पिऊन परत येता येईल. इतक्या लांब आल्यावर कुणीही ते करेल. शशिकांतराव पुलाकडे बघत जरा वेळ उभे राहतात. त्यांना कळतं, तिकडे जावंसं आता वाटत नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. तिकडे जायचं म्हणजे गाडी पुन्हा वळवावी लागेल. ते वळसा घालून उजवीकडे येतात, ड्रायव्हरच्या सीटवर बसतात आणि शैलाला फोन लावतात. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत ती उचलते.

“डॉक्टरांकडून तारीख घेऊन टाक,” ते म्हणतात. “निघालोय मी.”

“आष्टी झाली?”

“नाही,” शशिकांतराव म्हणतात, आणि आक्काने वळवून ठेवलेली गाडी सुरू करतात.