वरच्या वर

आमच्या वाडीत सुपारी पाडायला जे काका यायचे, ते एकदा वर चढले की जेवणवेळेपर्यंत खाली उतरायचे नाहीत. पायात दोरीचा फास अडकवून पहिली पोफळ चढायची, घड दोराने खाली सोडायचा, मग शेंड्याशी बसून झाड असं झुलवायचं की ते वाकून शेजारच्या झाडापर्यंत जायचं. तिथला शेंडा हाताला लागला की गेले पलीकडे! सगळी वाडी अशी वरच्या वर. खाली सुपारी गोळा करणारी आई ओरडायची, "अहो, जरा जपून!" वरून उत्तर यायचं, "वैनी, तुमीच जपून. डोस्क्यात पडंल!"

वादळाने ती वाडी एका दुपारीत आडवी केली. उभी राहिली ती झाडं लांब लांब, कुठे एक, कुठे दोन.

पंचनामा होईपर्यंत पडलेलं झाड हलवायचं नाही, असं गावात सांगितलं होतं. आम्ही खोडं ओलांडत विहिरीवर जायचो. तलाठी आले त्या दिवशी काकाही आले, धुतलेला सदरा घालून. झाडं मोजून झाली, फोटो झाले, बाबांची सही झाली. बाबा म्हणाले, "साहेब, याचंही लिहा काहीतरी. याचं पोट याच झाडांवर होतं."

"यांच्या नावावर जमीन आहे?"

"नाही."

"मग कुठे लिहू, तुम्हीच सांगा."

माणूस वाईट नव्हता. तरी मला असा संताप आला, की त्यांच्यासाठी केलेला चहा मी ओट्यावरून हलवलाच नाही. काका उलट त्यांचीच समजूत घालत होते, "ऱ्हाऊ द्या साहेब. माझं कुटं काय पडलंय?"

भरपाई आली तेव्हा बाबा त्यातला वाटा घेऊन काकांच्या घरी गेले. काकांनी हात पुढे केला नाही. "झाडं तुमची व्हती, अण्णा. रोपं लावा."

रोपं लावली. त्यांना सुपारी धरायला किती वर्षं लागतात, ते त्या दोघांना कुणी सांगायला नको होतं.

पुढच्या हंगामात काका आले. एक झाड चढले, घड सोडला आणि सवयीने झाड झुलवलं. झाड वाकलं, समोर काहीच नव्हतं. ते तसेच थोडा वेळ वर झुलत राहिले. मला बघवेना, मी घरात गेले. मग ते खाली उतरले, दुसऱ्यावर चढले, पुन्हा उतरले. तिसऱ्याच्या बुंध्याशी धापा टाकत बसले तेव्हा बाबाच म्हणाले, "पुरे रे आता." त्यानंतर ते नवी मुंबईला गेले, कुठल्याशा टॉवरवर वॉचमन म्हणून.

यंदा गणपतीला घरी आले होते. बाबांनी विचारलं, "कसं चाललंय?"

"बरं हाय. बिल्डिंग लय उंच. येकसारखं वर जावं लागतं."

"मग काय, तुझं तर आवडीचं काम!" बाबा हसले.

"न्हाय अण्णा," काका म्हणाले. "लिफ्टीत भ्या वाटतं. धराया काय नसतं."

आई मोदक घेऊन बाहेर आली, तेव्हा दोघेही वाडीकडे पाठ करून बसले होते.