भोंगाबाईंची रविवारची सभा

आमच्या गृहमाताबाईंना कुजबुजता येत नसे. पंगतीत शेजारच्या मुलीच्या कानाशी वाकून त्या म्हणायच्या, "वरनात मीठ कमी हाय वं," आणि ते कमी मीठ स्वयंपाकघर ओलांडून, चिंचेखालून, पार मुलांच्या वसतिगृहापर्यंत जाऊन पोचायचं. गावातल्या जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा रोज सकाळी वाजे, पण त्याच्या आधी बाई वाजत. म्हणून पोरींनी त्यांना भोंगाबाई करून टाकलं होतं. हे नाव त्यांच्यापर्यंत पोचलंच. त्यावर त्या पोट धरून हसल्या. "भोंगा तं भोंगा! लोकाईले उठवते. कोनाले चावत तं नाई!"

वर्ध्यापासून थोडं बाहेर, कापसाच्या शेतांना लागून आमचं विद्यालय होतं. खेड्यापाड्यांत बालवाडी चालवायला तिथे मुलामुलींना तयार करत. सूतकताई, शेती, सफाई, स्वयंपाक, सगळं आपल्या हातानं. मी आले होते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून. आई गेली तेव्हा सहावीत होते. धाकट्या भावंडांसाठी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे भावंडं मार्गी लागली, आणि गावात आलेल्या एका सेविकाताईंनी खटपट करून मला इथवर धाडलं. प्राचार्य म्हणाले, "शिक्षण फार कमी आहे हो. सहा महिने पाहू, जमलं तर ठेवू, नाहीतर घरी पाठवू." मी मुळातली घाबरट. ते "घरी पाठवू" माझ्या डोक्यात जे बसलं ते हलेना. बोलावणं कधीही येईल म्हणून मी ट्रंकेतून कपडेसुद्धा बाहेर काढत नव्हते. घरी तरी काय होतं? बाबांनी दुसरं लग्न केलं होतं, आणि त्या घरात माझी जागा चुलीमागे सुद्धा उरली नव्हती.

बाईंनी ती भरलेली ट्रंक पाहिली. काही न विचारता उचलली आणि खाटेवर सरळ उपडी केली. "काऊन वं, मुसाफिरखान्यात आली का तू? खुंटीले टांग हे सारं. अन् चाल जेवाले." त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा वऱ्हाडी ठेचा खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाईंनी गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला आणि सगळ्या पंगतीला सांगितलं, "कोकनातली पोरगी रडून राह्यली, पन घरच्या आठवनीनं नाई हो, मिरचीनं!" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या गावात मी हसले ती पहिली वेळ.

त्या कुणाच्याही खोलीत एकदम शिरत नसत. दूर कडुनिंबापाशी असतानाच हाळी येई, "येऊन राह्यली वं पोरीहो!" मग कुणी केस आवरी, कुणी पेरू लपवी, कुणी झोपेतून उठून चरख्याशी बसे. एकदा आमच्यातली आष्टीची गोदा म्हणाली, "बाई, तुमी चुपचाप आल्या तं आमची चोरी सापडन नं!" बाई म्हणाल्या, "तुमची पेरूची चोरी पकडून मले काय करा लागते? पन मोठ्या मानसानं पोरीईच्या खोलीत चोरपावलानं येऊ नये. आपन आलो हे सांगूनच आलं पाह्यजे. जो सांगत नाई, त्याच्यापासून सावध राहाजा." त्या वेळी आम्ही ते हसण्यावारी नेलं.

रविवारी प्रार्थना आणि सामुदायिक कताई झाली की त्याच जागी सभा भरे. गुरुजन, मुलं, मुली सगळे जमिनीवर, चरखे पुढ्यात. कुणीही उठून तक्रार सांगायची आणि तिथल्या तिथे तिचा निकाल लावायचा, अशी तिथली रीत. कंदिलाची काच फुटली, भाजीत अळी निघाली, न्हाणीघराचं पाणी तुंबलं. मुलं धडाधड बोलत. मुली खाली मान घालून सूत काढत. बाई मागच्या रांगेत बसून एकेकीला कोपरानं ढोसत, "ऊठ वं. तोंड का निस्तं भाकरीसाठी हाय?" माझी पाळी आली तेव्हा मी उठून म्हणाले, "माझी काही तक्रार नाही. सगळं छान आहे."

"सारं छान हाय म्हंते!" बाई गरजल्या. "मंग काल हिरीवर हात काऊन झटकून राह्यली होती?"

सभा हसली. माझे कान तापले. पण मग कसंबसं सांगितलं की विहिरीचा दोर फार काचतो, हाताला फोड येतात. दुसऱ्या दिवशी विहिरीवर नवा दोर होता. दोर तो काय, पण मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले. माझ्या बोलण्यानं जगात एक वस्तू बदलली होती!

आता कोठीचं सांगते. कताईसाठी लागणारे कापसाचे पेळू कोठीतून मिळत. कोठी म्हणजे पोत्यांनी भरलेली एका दाराची खोली. तिथले गुरुजी वयानं पोक्त, गोड बोलणारे. प्रार्थनेत त्यांचा आवाज लागला की डोळे मिटावेत असं वाटे. मला ते मुद्दाम शेवटी बोलवत. मी आत गेले की दार लोटत. पेळू देताना हात धरून ठेवत, मग तो हात दंडावर जाई, पाठीवर जाई. मी अंग चोरलं की म्हणत, "प्राचार्य तुझ्याबद्दल विचारत होते. मी चांगलंच सांगतो हं." ते एवढं म्हणाले की माझे पाय जमिनीला चिकटत.

मी कोठीत जाणं बंद केलं. पण पेळूशिवाय सूत कुठून येणार? तेव्हा कापसानं भरलेल्या बैलबंड्या आमच्या कुंपणाजवळून जिनाकडे जात, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकून राही. दुपारच्या सुट्टीत मी तो काट्यांतून ओढून काढी, सरकी निवडी, हातानंच पिंजून वेडेवाकडे पेळू करी. सूत गाठीगाठींचं निघे, तुटे, ठरलेल्या तारांची गुंडी भरत नसे. शेवटी सभेत कताईच्या गुरुजींनी माझं नाव घेतलं: ही मुलगी कामचुकार आहे, सहा महिने संपत आले, विचार करावा.

दुसऱ्या दिवशी बाभळीपाशी माझ्या मागून हाळी आली, "येऊन राह्यली वं!" बाई धापा टाकत आल्या. माझ्या ओरबाडलेल्या बोटांकडे पाहिलं, ओटीतल्या कापसाकडे पाहिलं.

"कोठीत पोते भरून पेळू हायेत. अन् तू काट्यातून काऊन वेचून राह्यली?"

सांगावं तर कसं? या बाईंना सांगणं म्हणजे अख्ख्या वर्ध्याला सांगणं. आणि मग मला घरीच पाठवणार, अशा मुलीला कोण ठेवतं? बाईंनी माझं तोंड वाचलं असावं. बांधावर फतकल मारून बसल्या, पदराचा चांगला मोठा बोळा केला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. हातानं खूण केली: बोल आता.

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. सगळं सांगितलं. बोळा काढून त्यांनी एवढंच विचारलं, "दार कोन लोटते?"

"ते."

"बस झालं." मग म्हणाल्या, "आयक बाप्पा, तू काय केलं हे मी इचारतच नाई, काऊन का तू काई केलंच नाई. सभेत बोलाचं का नाई, ते तुह्या मनावर हाय. बोलली तरी मी हाय, नाई बोलली तरी मी हाय. अन् उद्यापासून तुहे पेळू मी आनून देईन."

तिथून त्या तडक प्राचार्यांकडे गेल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, पण बाकी सगळं आम्हाला ऐकू आलं, म्हणजे निम्मं. प्राचार्य हळू बोलणारे होते. त्यांचा आवाज मुळीच येत नव्हता, बाईंचा मात्र गोठ्यातल्या गाईही ऐकत होत्या.

"संस्थेची अब्रू? अन् पोरीची काय किरायानं आनली हाय?"

मग प्राचार्यांचं, आम्हाला न ऐकू आलेलं काहीतरी.

"दिवेलागनीनंतर पोरीईनं बाहीर पडू नये? पन हे भरदुपारी झालं नं भाऊ!"

पुन्हा तसंच काहीतरी.

"तिले घरी पाठवा म्हंता? चोर कोठीत, अन् देशोधडीले पोरगी? वा रे तुमची वाटनी!"

बाई लालबुंद होऊन बाहेर आल्या. प्राचार्य वाईट नव्हते, भित्रे होते. माझ्यासारखेच. त्यांनी एवढं कबूल केलं होतं की सभेत कुणी उघड बोललं तर सभेच्या रीतीनं निकाल लागेल.

रविवारी आधी कंदिलाचं निघालं, मग डाळीचं. मी बाईंच्या शेजारीच होते. त्या दिवशी त्यांनी मला ढोसलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या होत्या. त्या ढोसतील म्हणून मी वाट पाहत होते, आणि त्या ढोसत नाहीत म्हटल्यावर मीच उठले.

मी म्हणाले, "पेळू देताना कोठीचे गुरुजी दार लोटून घेतात आणि अंगाला हात लावतात. म्हणून मी कोठीत जात नाही. म्हणून माझी गुंडी भरत नाही." दोराचं जसं सांगितलं होतं, तसंच. दुसरी कुठली भाषा मला येतच नव्हती.

चरखे थांबले. कोठीचे गुरुजी हसले. म्हणाले, "आईवेगळी मुलगी आहे. मी आपलं लेकीसारखं पाठीवरून हात फिरवला असेल."

तेवढ्यात गोदा ताडकन उठली. "मले बी लेकीवानीच केलतं गुरुजीनं. पन माह्या बापानं तं असं कधी नाई केलं!"

मग तिच्या मागे आणखी एक उठली. मग एक जण उठली जी वर्षभर कुणाशी धड बोलली नव्हती. मुलांतला एक जण म्हणाला, "आमाले पेळू देताना तं दार उघडंच राह्यते." प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आजच विद्यालय सोडा." मग माझ्याकडे वळले. "आणि तू बस. तुझी कताई राहिलीये."

बाई त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. आम्ही घाबरलोच, म्हटलं आजारी पडल्या की काय. पण दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर ठोकाठोकी ऐकू आली. बाई पदर खोचून, गोदाला हाताशी घेऊन कोठीचं दार बिजागऱ्यांतून उखडत होत्या. प्राचार्य धावत आले.

"अहो बाई, उंदीर शिरतील!"

"शिरू द्या. उंदरासाठी मांजर पाळू."

ते दार चांगलं सागवानी निघालं. बाईंनी ते घासूनपुसून स्वयंपाकघरात चार विटांवर आडवं ठेवलं आणि त्यावर आम्ही सहा-सहा जणी एकदम पोळ्या लाटू लागलो. पेळू आता ओसरीवर, सगळ्यांसमोर, पाळीपाळीनं एक मुलगा आणि एक मुलगी मिळून वाटत. नवी मुलगी आली की बाई तिला आधी ते पोळपाट दाखवत आणि त्याची कथा सांगत. म्हणत, "इथं कोनी दार लोटलं, तं आमी त्याचं पोळपाट करतो. सांगाले लाजजो नको." नवी मुलगी आधी बावरे, मग हसे, आणि मग तिच्या लक्षात राही. मुलांनाही ती कथा पाठ झाली होती. त्यांनाही ती ऐकवण्यात बाईंचा हेतू होताच.

माझे सहा महिने सरले, पुढचं शिक्षणही पार पडलं. गुंडी भरू लागली होती, पण अजूनही बोलावणं आलं की माझी नजर आधी ट्रंकेकडे जाई. अशाच एका बोलावण्यात कळलं की मला तळेगावची बालवाडी दिलीय.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोक त्यांच्या आवाजाची आठवण काढून हसतात, मीही हसते. पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती तळेगावची सकाळ. त्या मला पोचवायला मोटारीनं आल्या होत्या. गावानं मला एक खोली दिली होती. बाईंनी आतली कडी लावून पाहिली, खिडकी हलवून पाहिली, शेजारच्या चार बायांशी ओळख करून घेतली. गावचे पाटील म्हणाले, "बाई, पोरगी एकटी राहीन. हिचं बरंवाईट कोनाले इचारावं?"

"हिलेच इचारा," बाई म्हणाल्या. "घर हिचं हाय. मी तं पाहुनी हाय."

आणि खरोखरच पाहुणीसारख्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, मी "या, बसा" म्हणेपर्यंत. मग सतरंजीवर मांडी घालून म्हणाल्या, "चहा देतं का नाई?"

चूल पेटेना. दूध नव्हतं. गूळ जास्त पडला आणि चहात धूर उतरला. बाई तो फुंकून फुंकून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या आणि कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "येतो वं. तुले मोटार पकडाची नाई, मले हाय."

मी फाट्यापर्यंत गेले. मोटार धुरळ्यात दिसेनाशी झाली. रडेन असं वाटलं होतं, पण निघताना चुलीवर भात ठेवला होता आणि तो लागला असता. मी भराभर पावलं टाकत घरी आले.