बिब्बा उतला

मंडळी, नेरुळच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय. हात धुऊन धुऊन लाल झाले, तरी किळस जात नाहीये.

सकाळी शेजारच्या सुरेखानं दार बडवलं. तिचं बाळ जेमतेम सव्वा महिन्याचं. दोन दिवस रडत होतं म्हणून तिच्या सासूनं, साताऱ्याच्या मालनकाकूंनी, त्याच्या बेंबीभोवती बिब्ब्याच्या तेलाचे ठिपके दिले होते.

दुपटं बाजूला केलं. बिब्बा उतला होता. सगळं पोट फोडांनी भरलेलं, त्यातून पाणी गळतंय, कापड कातडीला चिकटलंय.

"काकू, हे विष आहे!" मी ओरडले.

"इष कसलं? पोट फुगलं हुतं त्याचं. आमी धा भावंडं अशीच वाढलो," असं म्हणत त्या त्याच फोडांवर खोबरेल चोपडायला निघाल्या!

बाळाला उचलून रिक्षानं दवाखान्यात नेलं. धोका टळला, पण डाग राहतील म्हणाले डॉक्टर. राहणारच. आमचा लॉण्ड्रीवाला कॉलरवर याच बिब्ब्यानं खूण करतो. शर्ट फाटतो, खूण जात नाही.

घरी येऊन तणतणत आईला फोन लावला, सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "तुला नाही गं उतला."

आरशासमोर उभी राहून पाहिलं. बेंबीभोवती पाच पुसट ठिपके. आजवर मी त्यांना तीळ समजत होते.

तुम्ही तुमचे तीळ कधी नीट पाहिलेत?