सरळ रेषेत बस नाही

मास्तरकी सोडून बरीच वर्षं झाली, पण चार जुने सहकारी चहाला बसले की कुणीतरी म्हणतंच, "ते दोरीचं सांगा हो!" मग दोरीचं सांगताना पंख्याचं आठवतं, पंख्याचं सांगताना माडाचं. किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. कपाटाच्या मागे खडूचे तुकडे साठतात तसे ते साठतात आणि एक दिवस कपाट हलवलं की सगळे एकदम बाहेर येतात!

मी डिचोलीजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिक्स शिकवायचो. खरं म्हणजे मी ड्रॉइंग शिकवायला लागलो होतो. पहिल्याच वर्षी मेकॅनिक्सचे सर नोकरी सोडून गेले आणि आमचे हेड कामत सर मला म्हणाले, "तुम्ही घ्या. बाण तुम्हांला काढता येतातच!"

व्हेक्टर म्हणजे बाण, एवढ्या भांडवलावर मी वर्गात गेलो.

*

पहिला तास पोझिशन व्हेक्टरचा. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरळ काढलेला बाण, म्हणजे पोझिशन व्हेक्टर. मुलांच्या ओळखीचं उदाहरण द्यावं म्हणून मी फळ्यावर गोव्याचा नकाशा काढला. वर पार्से, खाली उजवीकडे डिचोली. दोन ठिपके दिले, पट्टी लावून बाण ओढला आणि विचारलं, "पार्शाहून कोण येतं?"

प्रमिला उभी राहिली. वर्गात मुली दोनच, त्यातली ही एक. वडील नव्हते, काकांकडे वाढलेली. रोज पहाटे उठून कॉलेजला यायची.

"हा बाण म्हणजे तुझा पोझिशन व्हेक्टर," मी म्हटलं. "पार्शाहून थेट डिचोली!"

तिनं मान वाकडी करून बाणाकडे पाहिलं.

"सर, तशी बस नाय."

"बसचा संबंध नाही. सरळ रेषा."

"सरळ रेषेन नदी आसा सर. माका म्हापशाक जाऊन बस बदलूची लागता."

मी म्हटलं, समजा नदी नाही, रस्ता नाही, बस नाही. ती म्हणाली, "मगे मी येतंय कशी?"

घंटा झाली. त्या दिवशी वर्गातून सगळे गोंधळून बाहेर पडले. मी सगळ्यांत शेवटी.

*

आता दोरीचं.

उल्हास नावाचा मुलगा होता. त्याचे वडील सावंतवाडीकडचे, इथं खाणीवर ट्रक चालवायचे. डोकं तल्लख, पण सांगितलेलं जसंच्या तसं मान्य करील तर शपथ! खांबाला दोरी बांधली आहे, दोरीतला फोर्स दाखवा, असं गणित होतं. उल्हासनं बाण उलटा काढला, दोरीकडून खांबाकडे.

मी म्हटलं, "अरे, म्हणजे दोरी खांबाला ढकलतेय!"

"ढकलूंदे की."

"दोरी ओढते. दोरीनं कधी काही ढकलता येत नाही. आणून दाखव मला ढकलणारी दोरी!"

मास्तरानं वर्गात असं आव्हान देऊ नये. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या खाणीच्या गॅरेजातून टाकाऊ वायर रोपचा, म्हणजे पोलादी तारांच्या दोराचा, तुकडा घेऊन आला. अंगठ्याएवढा जाड, हातभर लांब, गंजून ताठ झालेला. टेबलावर माझा डस्टर होता. त्यानं रोपचं एक टोक हातात धरलं, दुसऱ्या टोकानं डस्टर ढकलत ढकलत टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि खाली पाडला.

वर्ग टाळ्या वाजवतोय आणि मी उभा! ही दोरी आहे की दांडा, हे मला ठरवता येईना. कामत सरांना विचारायला गेलो. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन वाकवून पाहिला. वाकेना. मग म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून सुतळी म्हणा."

*

मुलांच्या शंका इतक्या वाढल्या की मी नोटिस बोर्डावर चिठ्ठी लावली: 'ज्यांना व्हेक्टरचा त्रास आहे त्यांनी शुक्रवारी दुपारी खोली नंबर चारमध्ये थांबावे.'

चिठ्ठीखाली चौदा जणांनी नावं लिहिली आणि शुक्रवारी ती चौदाही मुलं थांबली. मी फळा पुसतोय तोवर दारात पांढऱ्या साडीतल्या एक बाई. हातात पेटी.

"हेच न्हय ते चौदा?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, कुणाची तरी आई. "हो, हेच," मी म्हटलं. "फार कच्चे आहेत. बघा तुम्हीच!"

बाईंनी पेटी उघडली, पहिल्या बाकावरच्या मुलाचा हात धरला आणि टचकन बोट टोचलं! मी धावलो. तर म्हणाल्या, "रांगेन या सर, तुमकांय घेतंय."

त्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर होत्या. पावसाळा नुकताच संपलेला, गावोगाव मलेरियाची तपासणी चाललेली. त्यांच्या भाषेत व्हेक्टर म्हणजे रोग पसरवणारा डास! सकाळी कॉलेजात औषध फवारायला आलेल्या माणसानं माझी चिठ्ठी वाचली होती आणि केंद्रात जाऊन सांगितलं होतं की चार नंबरच्या खोलीत चौदा पोरं आजारी आहेत.

मी समजावायला गेलो. "बाई, हा व्हेक्टर वेगळा. ह्याला लांबी असते, दिशा असते..."

सिस्टर माझ्याकडे काळजीनं बघायला लागल्या. "कधीपासून दिसता तुमकां?"

रक्ताच्या पंधरा स्लाइडी गेल्या. पंधरावी माझी.

*

एक छोटासा परीक्षेचा. एक्स, वाय आणि झेड अक्षांच्या दिशा लक्षात ठेवायला उजव्या हाताचा नियम असतो. बोटं एक्सकडून वायकडे वळवायची, अंगठा जिकडे उभा राहील तो झेड. पेपरला वास्कोचे एक परीक्षक सुपरव्हिजनला आले होते, विषय वेगळा. अर्ध्या तासानं ते कामत सरांकडे धावत आले. "सगळा वर्ग एकमेकांना खुणा करतोय! अंगठे दाखवतायत!"

कामत सरांनी त्यांना शांत केलं. पण निकाल पाहून ते स्वतःच अशांत झाले. झालं होतं असं, की उजव्या हातात पेन! त्यामुळे वर्गानं मोकळा असलेला डावा हात वापरला आणि जवळजवळ सगळ्यांचा झेड जमिनीत गेला. बरोबर आला तो फक्त एका डावखुऱ्याचा.

*

पंख्याच्या बाबतीत मात्र माझीच चूक. प्रॅक्टिकल टेस्टला मी प्रश्न दिला: 'या खोलीत कुठेही मूळबिंदू घ्या आणि पंख्याच्या हुकाचा पोझिशन व्हेक्टर काढा.' मूळबिंदू म्हणजे जिथून मोजायला सुरुवात करायची ती जागा. मला वाटलं, मुलं कोपरा घेतील. घेतलाही, पण खोलीला कोपरे चार! टेप ओढत, बाकांवर चढत, एकमेकांच्या पायांत अडकत मुलं तासभर मोजत होती.

उल्हास दोन मिनिटांत पेपर देऊन बाहेर. उत्तर: शून्य, शून्य, शून्य.

मी त्याला परत बोलावलं. "हे काय?"

"मूळबिंदू मी हुकारच घेतलंय सर. तुम्ही सांगितलास, खयंय घेवा."

मी प्रश्न तीनदा वाचला. पेपर घेऊन कामत सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "मुलगा बरोबर नाही. मार्क उत्तराला द्या."

*

आणि माडाचं.

प्रमिला शेवटच्या वर्षाला होती. पार्शाला तिच्या काकांच्या घरामागे एक जुना माड होता. वादळानं मुळं उघडी पडली होती आणि माड घराकडे कलला होता. खाली स्वयंपाकघराची कौलं. माड काढायलाच हवा होता, आणि घराच्या उलट बाजूला, समोरच्या मोकळ्या शेतात पाडायला हवा होता. शेताच्या डाव्या कडेला गोठा, उजव्या कडेला चिऱ्यांची खोल खण, म्हणजे दगड काढून पडलेला खड्डा. काकांनी माझ्यासाठी निरोप धाडला: "सरांक घेऊन ये. इंजिनियर मनीस बरो."

मी गेलो. नाही म्हणायला हवं होतं!

माड तोडणारे शाणूमामा म्हणून होते. सत्तरीचे, अंगावर फक्त काष्टी आणि डोक्याला पंचा. त्यांनी वर चढून तीस फुटांवर दोन दोर बांधले होते. डावा दोर लांब, माणसं ऐंशी फुटांवर उभी. उजवीकडे खण, म्हणून तिथली माणसं अलीकडेच, तीसेक फुटांवर. बारा जण, सहा-सहा.

"एक मनीस हडे घेवया," शाणूमामा उजव्या दोराकडे हात करून म्हणाले. "मगे मदीं पडतलो."

मी म्हटलं, "थांबा, हिशोब करू." बांधावर बसून वहीत गणित मांडलं. दोन्ही दोरांचे व्हेक्टर, बेरीज, सगळं. माझ्या उत्तरात डावा दोर भलताच भारी पडत होता; माड सरळ गोठ्यावर! मी उठून सांगितलं, "एक नाही, तीन माणसं उजवीकडे घ्या!"

शाणूमामांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण काका म्हणाले, सर सांगतात. तीन माणसं उजवीकडे गेली. डावीकडे तीन, उजवीकडे नऊ. शाणूमामांनी कुऱ्हाड उचलली. दोन घाव बसले.

प्रमिला माझ्या वहीत बघत होती. ती एकदम किंचाळली, "काका, रवा! ओढू नकात!"

सगळे थांबले.

"सर, तुम्ही लांबीन भागूक नाय!" तिनं वहीवर बोट ठेवलं. "दोर लांब म्हणून माणसांचा बळ वाढणा नाय. दिशा तेवढी घेऊची, लांबी काढून टाकूची. हो माड त्या नऊ जणांर पडतलो!"

मी वहीत पाहिलं. खरं होतं. पहिल्या वर्षाची मुलं करतात ती चूक. उजव्या दोराजवळ ती नऊ माणसं, त्यात तिचे काका, मला हाताच्या अंतरावर दिसत होती.

तिनं माझ्याच पेन्सिलीनं उरलेलं गणित केलं. दोनदा तपासलं. मग उठून म्हणाली, "दोन माणसं परत डावीकडे. पाच आणि सात. उजवो दोर उभो, तेचा थोडा बळ खालीच जाता."

म्हणजे एकच माणूस हलवायचा!

शाणूमामांनी माणसांना हातानं खूण केली. माणसं जागेवर गेली. कुऱ्हाड चालू झाली, दोर ताणले, कुणीतरी देवाचं नाव घेतलं. माड कडाडला, घरापासून सुटला आणि गोठा आणि खण यांच्या अगदी मधोमध शेतात आडवा झाला. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही. काकी दारात उभ्या राहून रडत होत्या.

शाणूमामा पंच्यानं तोंड पुसत प्रमिलाजवळ आले.

"बाय, ह्या तुका कोणी शिकयला?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. मी बांधावर वही छातीशी धरून उभा होतो.

शाणूमामांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं.

"ह्यांनी?"