एक जूनचे थोर लोक

आमच्या पिपरी मेघेतल्या कॉलनीत साठीपुढची सगळी माणसं एकाच तारखेला जन्मलेली आहेत.

हे आम्हाला सत्काराच्या दिवशी कळलं. (तोवर शाली आणून झाल्या होत्या.)

आमचे हे कचेरीतून निवृत्त झाले, त्याच दिवशी साहेबांची बदली निघाली आणि शाल साहेबांच्या खांद्यावर गेली. तेव्हापासून यांचा एकच ध्यास : मेल्यावर सगळेच पांघरूण घालतात, जिवंतपणी एक शाल मिळावी! पण स्वतःचा सत्कार स्वतः कसा ठेवणार? यांनी युक्ती काढली. 'जून महिन्यात जन्मलेल्या मान्यवरांचा सत्कार!' यांची तारीख एक जून.

"जूनचे लोकं लय थोर राह्यतात," हे मोबाइलवर वाचून सांगायचे. "राजे, पुढारी, गवई..."

सासूबाई पान कुटता कुटता म्हणाल्या, "मोरू, तू तं भादव्यात, तान्ह्या पोळ्याले झालता. दारात पोट्टे लाकडाचे नंदी घेऊन उभे, अन् मी आत बोंबलून राह्यली!"

"आई, कागदावर जून हाय!"

"कागदाले कळा आल्या व्हत्या काय?"

पाहुणे म्हणून यांनी वडनेरचे आपले जुने गुरुजी बोलावले. पाच-सहा मान्यवर येतील असा अंदाज होता. आले कॉलनीतले झाडून सगळे म्हातारे! किराणावाले शेठ, पोस्टातले भाऊजी, रोज यांच्याशी नळावरून भांडणारे काकाजी. सगळ्यांचा एक जून! सगळे मंचावर चढले. मी शालींचं तबक धरून बाजूला. खाली खुर्च्यांवर उरल्या सासूबाई आणि एक कुत्रं.

"काव सूनबाई," सासूबाई म्हणाल्या (त्यांच्या मते हळूच), "जिल्ह्यातल्या समद्या बाया एकाच दिवशी बाळंत झाल्या काय व?"

गुरुजींनी माईक ओढला. "बाई, हे आमा मास्तरायची करणी! शाळेत नाव घालाले बाप आला का मी पुसो, पोट्टा कधी झाला? तो म्हणे, कापूस येचून राह्यलो होतो तवा. मंग काय लिहू? टाकला एक जून! जन्म आयायनं देला, तारीख आमी देली!"

मंचावरचे सगळे थोर लोक एकमेकांकडे पाहू लागले. पण शाल सोडून खाली कोणी उतरेना!

शाली संपल्या. मी पेटीतल्या काढल्या. पोस्टातल्या भाऊजींना सोफ्याचं कव्हर गेलं. उरली एकच, जरीकाठाची, यांची स्वतःची. "हे कोणाले देजो नको," असं बजावून यांनी ती माझ्याच तबकात ठेवली होती. आता यांची पाळी. यांनी केसांवरून कंगवा फिरवला आणि मान वाकवली.

मी तबक पुढे केलं. गुरुजींना मोतीबिंदू.

"बाई, तुही तारीख?"

चार लोकांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. फुटला तो नेमका खरा. "एक जून." (चौथीपर्यंत मीही शाळेत गेले होते ना!)

"मंग वाक!"

शाल माझ्या खांद्यावर! मागे हे वाकलेलेच.

टाळ्या झाल्या. (मंचावरूनच.) "वहिनी, दोन शब्द बोला!" सगळे ओरडले. जन्मभर पाहुण्यांना जे एकच वाक्य बोलत आले, तेच माईकमधून निघालं :

"सगळ्यायनं जेवून जाजा!"

जेवण ठेवलेलंच नव्हतं.

मग काय! मान्यवर बाईंनी शाल कमरेला खोचली आणि पातेलंभर पिठलं ढवळायला घेतलं. शेजारी हे अजून वाकलेलेच. कांदे चिरत.